काजूच्या बागेचं देणं

माझं कॉलेजचं शिक्षण काजूच्या बागेवर झालं, आणि ती बाग उभी राहिली वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रामुळे. दापोलीच्या, 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. आजोबांच्या काळी काजू बियांपासूनच लावत. कुठलं झाड किती धरेल, बी बारीक निघेल की टपोरी, सगळा जुगार. ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या जातींच्या कलमांनी तो थांबवला. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा बाबांनी वरकस जमिनीत ‘वेंगुर्ला-4’ची कलमं लावली.

कलम बांधायला मला केंद्रातल्या सरांनी शिकवलं. चांगल्या झाडाच्या निवडलेल्या काडीची पानं आठ-दहा दिवस आधी छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. डोळे फुगले की काडी कापायची. दीड-दोन महिन्यांच्या रोपाचा शेंडा छाटून उभी खाच घ्यायची, काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, सालीला साल जुळवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची.

पुढे एक धरतं झाड पिवळं पडू लागलं. बाजारात विचारलं, तर झाड न बघताच औषधाची बाटली पुढे आली. सर मात्र बागेत आले. बुंध्याशी उकिडवे बसले, मुळाजवळ पडलेला भुसा बोटांनी चाचपला. खोडकिडा! साल तासून त्यांनी आतल्या अळ्या तारेने एकेक बाहेर काढल्या. बाबांनी विचारलं, “साहेबानू, तुमचे किती झाले?” सर म्हणाले, “मला पगार मिळतो याचा.”

शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही कृषी विद्यापीठाची तीन कामं. पहिल्या दोन्हींचा हिशेब पदव्यांत आणि शोधनिबंधांत दिसतो. तिसरं शेतकऱ्याच्या बांधावर येऊनच करावं लागतं. आज हवामानाचा सल्ला मोबाइलवर मिळतो, त्याचा उपयोगही होतो. पण भुसा चाचपायला माणूसच लागतो. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत रिक्त पदांची ओरड जुनी आहे. तिथला माणूस आला नाही, की शेतकरी दुकानात जातो. दुकानदाराला माल खपवायचाच असतो, तो त्याचा धंदा. म्हणून तर ज्याला काहीच विकायचं नाही, असा सल्लागार सरकारने पगार देऊन ठेवायचा असतो.

सरांनी पैसे घेतले नाहीत, त्यामुळे ते देणं अजून आमच्या नावावर आहे. तुमच्याही नावावर असं काही असेल, तर मत मागायला दारात येणाऱ्याला एवढंच विचारा: कृषी विद्यापीठातल्या रिकाम्या जागा कधी भरणार?