खोबरेल

आईचं सामान आमच्याकडे आणलं त्यात एक खोकं होतं. त्यावर बाबांच्या अक्षरात 'टू-इन-वन, चालू, उजवी बाजू खरखरते' असं लिहिलेलं. चालू असलेली वस्तू माळ्यावर का गेली, हा प्रश्न आमच्या घराण्यात विचारायचा नसतो. असो.

नात्यातल्या मंडळींना हा सेट आठवत असेलच. आत्याने 1984 साली मस्कतहून आणलेला, चंदेरी रंगाचा, दोन्ही बाजूंना जाळीचे स्पीकर, वर धरायची दांडी. आवाजाला गोल बटण नव्हतं. दोन सरकत्या पट्ट्या होत्या, डाव्या स्पीकरची वेगळी, उजव्याची वेगळी. वाड्यातली पोरं नुसत्या त्या पट्ट्या वरखाली करायला यायची. सेलवर चालवायचं म्हटलं तर आठ मोठे सेल लागत, त्यामुळे 'पोर्टेबल' असूनही त्याने घराबाहेर पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही.

खोकं उघडलं, सेट पुसला आणि लावला. रेडिओ लागला. पट्टी हलवली की वाळक्या पानांवरून कुणी चालत गेल्यासारखा आवाज येई, मधेच एक बाजू गप्प होई, आणि आणखी जरा सरकवलं की अचानक बोंब! ज्यांच्याकडे असे जुने सेट आहेत त्यांना हा आजार ओळखीचा असेल. टेपचे पट्टे तुटतात, डायलची दोरी सुटते, पण म्हातारपणाचं पहिलं लक्षण बहुधा आवाजाच्या कंट्रोलमध्येच दिसतं.

कारण सोपं आहे. या पट्टीखाली कार्बनचा एक काळा थर असतो आणि त्यावरून धातूची बारीक बोटं घासत जातात. बोटं जिथे टेकतात तिथून पुढे किती सिग्नल जायचा ते ठरतं. थरावर धूळ बसली, बोटं काळी पडली किंवा कार्बनच झिजला, की संपर्क तुटत-जुळत राहतो. स्पीकर तेवढं इमानेइतबारे ऐकवतो. गोल बटणाचा कंट्रोल निदान डबीत बंद असतो. सरकत्या पट्टीला वर लांब फट असते, म्हणजे धुळीला उघडं दारच. आणि धुळीशिवाय दुसरं काही त्या फटीतून गेलं तर काय होतं, त्याकडे येतोच.

आधी तापकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानात पोरगा म्हणाला, "काका, ब्लूटूथवाला घेऊन टाका ना." दुसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला आणि तसाच कंट्रोल मिळणार नाही असं सांगितलं. मग मिक्सरच्या (ऑर्केस्ट्राच्या, चटणीच्या नव्हे :-)) स्पेअरच्या खोक्यातून 60 मिलिमीटरवाला एक काढून दिला. माप जुळलं. किंमतही 50 किलोओहम, जुन्याइतकीच. मी खुशीत घरी येऊन बसवला आणि सगळंच बिनसलं. पट्टी जरा सरकवली की निम्म्याहून जास्त आवाज, आणि पुढचा सगळा प्रवास फुकट.

चूक माझीच होती. जुन्या कंट्रोलवर आकड्याशेजारी 'ए' होता, नव्यावर 'बी'. जपानी मालावर 'बी' म्हणजे सरळ चढणारा आणि 'ए' म्हणजे आवाजासाठी केलेला, आधी हळूहळू आणि शेवटी भराभर चढणारा. आपला कान बेरजेने नाही, गुणाकाराने ऐकतो. सरळ कंट्रोलमध्ये पट्टी मध्यावर आली की सिग्नल निम्मा होतो, पण कानाला तो सहाच डेसिबलने कमी वाटतो, म्हणजे जवळजवळ पूर्णच. 'ए' जातीत मध्यावर साधारण दहा-पंधरा टक्केच सिग्नल येतो आणि तेव्हा कुठे कानाला 'अर्धा आवाज' वाटतो. हे सगळं मला ठाऊक होतं, दुकानात आठवलं नाही एवढंच.

म्हणजे जुनाच कंट्रोल खोलणं आलं. नुसता फटीतून स्प्रे मारून भागतं असं पुष्कळ जण सांगतात, कधीकधी भागतंही. पण घरातला गंजावर मारायचा स्प्रे मारू नका. तो कार्बनवर तेलकट थर सोडतो आणि पट्टीला जो लोण्यासारखा मऊ जडपणा असतो, ते ग्रीसही धुऊन नेतो.

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मागचे सहा स्क्रू, त्यातला एक सेलच्या कप्प्यात लपलेला. डायलच्या दोरीला धक्का न लावता बोर्ड बाहेर काढला, डाग वितळवून कंट्रोल सोडवला. त्याच्या पत्र्याच्या कवचाला चार कान मुडपलेले असतात. ते एकदाच, फार तर दोनदा सरळ करता येतात, तिसऱ्यांदा तुटून हातात येतात. श्वास रोखून एकेक उचकटला.

आत धूळ नव्हती. म्हणजे होती, पण सुटी नव्हती. सगळ्या कार्बनवर तपकिरी, चिकट साय धरली होती, आंब्याच्या कोयीला धरतो तसा चिकटा. आणि वास. आई आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "कुठंतरी खोबरेल खवट झालंय रे." आणि बाथरूममधली बाटली बघायला गेली.

मी तसाच बसून राहिलो.

1986 च्या मे महिन्यात मी अकरा वर्षांचा होतो. पट्टी जरा जड सरकते म्हणून मी तीत तेल घातलं. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी रिकामी होती, म्हणून आईच्या खोबरेलाचे थेंब कागदाच्या नळीने सोडले. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. दोन दिवस पट्टी अशी सुळसुळली की मला स्वतःचा अभिमान वाटला. मग खरखर सुरू झाली आणि हळूहळू वाढत गेली. डिसेंबरात एका सकाळी बाबा सातच्या सुमारास पुणे केंद्राच्या बातम्या लावायला गेले तर डावी पट्टी हलेचना. त्यांनी जोर केला, वरची टोपी निघून हातात आली.

तो सेट सगळ्यात जास्त कोण वाजवायचं? दादा. तेव्हा तो दहावीत होता. बाबांनी त्याला समोर उभं केलं. सेट बिघडल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, ते फक्त "खरं सांग" एवढंच म्हणत होते. दादा म्हणाला, मी काही केलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा बाबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. बाबांनी आम्हाला मारलं ते आयुष्यात तेवढं एकदाच. मी दाराआड उभा होतो, हातात दप्तर, शाळेला उशीर होत होता. उशीर होत होता म्हणून मी गेलो.

दादाने पुन्हा त्या सेटला हात लावला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात स्वतःचा वॉकमन घेतला. बाबा तसे मायाळू, पण पुढे वर्षानुवर्षं, परीक्षेचा निकाल असो की पैशांचा हिशेब, दादाचं म्हणणं ते आणखी एकाकडून पडताळून घ्यायचे. बहुतेक वेळा माझ्याकडून. बाबा 2021 मध्ये गेले.

एक गोष्ट मला त्या रविवारीच कळली. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. पुण्याच्या थंडीत आंघोळीआधी आपण बाटली गरम पाण्यात ठेवतो ती त्यासाठीच. म्हणून आमच्या सेटची पट्टी दर हिवाळ्यात आवळायची आणि उन्हाळ्यात सुटायची. "थंडी मानवत नाही याला," असं बाबा म्हणायचे. उकल पस्तीस-चाळीस वर्षं बाथरूमच्या फळीवर होती.

मग साफ केलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात ते, आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या. कार्बन घासायचा नाही, भिजवायचा, टिपायचा, पुन्हा भिजवायचा. डाव्याला अकरा काड्या लागल्या. बोटांनी कार्बनमध्ये बारीक चर पाडली होती. ती बोटं चिमट्याने केसभर बाजूला वाकवली, म्हणजे आता ती कोऱ्या जागेवरून चालतात. ग्रीस फक्त कडेच्या सरकत्या भागाला, कार्बनला थेंबही नाही. मल्टिमीटर लावून पट्टी सरकवली, आकडे उड्या न मारता चढत गेले.

डावी बाजू स्वच्छ वाजली. उजवीत थोडी खरखर उरली. तिथे कंट्रोलचा दोष नव्हताच. आधीचा कपॅसिटर म्हातारा होऊन गळत होता, कंट्रोलवर एक तृतीयांश व्होल्ट स्थिर दाब येत होता. असा दाब असला की स्वच्छ कार्बनही खरखरतो. पाच रुपयांचा नवा कपॅसिटर लावला. बाबांच्या चिठ्ठीतली 'उजवी बाजू' बरोबर होती, तिचा तेलाशी संबंध नव्हता.

आईला त्याच रात्री सगळं सांगितलं. ती बराच वेळ गवार मोडत राहिली. मग म्हणाली, "त्याला सांग. मला काय सांगतोस."

दादा, फोन तीनदा लावला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. वहिनी हे पान वाचतात आणि तुला वाचून दाखवतात, म्हणून इथे लिहिलं. तेल मी घातलं होतं. शनिवारी सकाळच्या गाडीने सेट घेऊन येतोय, तो तुझ्याकडे राहू दे. डाव्या पट्टीची टोपी जरा सैल आहे, ओढू नकोस.