आधी काळोख

आमच्या गावाचा सूर्य दुसऱ्या राज्यात मावळतो. प्राणहिता ओलांडली की तेलंगण. पलीकडच्या काठामागे तो गेला, की इकडच्या सागवनात काळोख जमिनीपासून वर चढू लागतो. आधी खोडं बुडतात, मग मोठाली पानं, शेंड्यावरचं आभाळ सगळ्यांत शेवटी. डोळ्यांनी वीस-तीस मिनिटं धीर धरला तर तोच काळोख उकलत जातो. मोहाचं खोड वेगळं दिसतं, सागाचं वेगळं, आणि दोहोंमधली पायवाट त्यांच्याहून जराशी उजळ. सिरोंच्याच्या रात्रीत इतक्या छटा आहेत की तिला नुसतं काळं म्हणवत नाही.

घराच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने सिनेमा उमटवायला लागल्यापासून मी या छटा जास्तच निरखतो. चित्र जुळवायचं ते काळ्याच्या बाजूने, असं माझं ठाम मत होत गेलं आहे. दुकानात पडदे ट्यूबलाइटच्या लखलखाटात मांडलेले असतात, तिथे 'व्हिविड'चा भडकपणा नजर खेचून घेतो. रात्री बंद खोलीत तोच भडकपणा सिनेमातली रात्र पुसून टाकतो. म्हणून मी दिवा चालू करून अर्धा तास नुसता बसतो. दिवा स्थिरावतो, डोळेही स्थिरावतात. मगच रिमोट हातात.

ब्राइटनेसचं बटण काळ्याची पातळी हलवतं, कॉन्ट्रास्टचं पांढऱ्याची. तपासणीच्या चित्रात काळ्यावर काळ्या पट्ट्या असतात: एक अगदी काळ्याच्याही खालची, एक नखभर वरची. वरची जेमतेम दिसावी, खालची दिसूच नये. हे साधलं की अर्धं काम झालं. पण त्याच्याही आधी एक गोष्ट पाहावी लागते. सिनेमाच्या चित्रात काळा ० वर नसतो, १६ वर असतो. पांढरा २५५ वर नसतो, २३५ वर असतो. प्लेअर हीच मोजणी पाठवत असेल आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून बसला असेल, तर सगळा काळोख राखाडी होतो, चित्रावर धुकं बसतं. उलट झालं तर त्याहून वाईट: सावलीतला सगळा तपशील एकाच काळ्या डागात बुडतो. मेन्यूतली 'रेंज' नावाची ही एक ओळ दोन्ही यंत्रांत सारखी नसेल, तर बाकीची सगळी बटणं फिरवून काहीही हाती लागत नाही.

मी हे सगळं 'संत तुकाराम'वर करतो. १९३६ सालचा प्रभातचा चित्रपट, दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. कृष्णधवल चित्राला लपायला रंगच नसतो, त्यामुळे यंत्राची प्रत्येक खोड त्यात उघडी पडते. एका रात्री आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, "काऊन रे, इंद्रायणी निळी काऊन दिसते?" तिचं बरोबर होतं. प्रोजेक्टर 'कूल'वर होता. पांढऱ्याचा ठरलेला मापदंड ६५०० केल्विनच्या जवळचा, दिवसाच्या उजेडासारखा. 'कूल' त्याच्या पुष्कळ पुढे निळ्याकडे जातं. 'वॉर्म' लावल्यावर पहिली काही मिनिटं पिवळट वाटलं, मग डोळे सरावले आणि पाण्यातून वर येणाऱ्या वह्यांचा कागद कागदासारखा झाला.

रुंदीचाही प्रश्न असतो. हा चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी टिपलेला. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर त्याला साधारण १४४० ची रुंदी पुरते, दोन्ही बाजूंना २४० ची काळी पट्टी उरते. पडदा वाया जातो म्हणून लोक चित्र ताणतात आणि पागनीसांचा निमुळता चेहरा पसरट करून टाकतात. मला ते बघवत नाही. त्या पट्ट्या असू द्याव्यात, खोलीत दुसरा उजेड नसेल तर त्या भिंतीत मिसळून जातात.

माझी डिस्क पाल पद्धतीची आहे, ५७६ रेषांची. पडद्याला १०८० लागतात. म्हणजे भिंतीवर दिसणाऱ्या जवळपास निम्म्या रेषा मूळ चित्रात नाहीतच, यंत्र शेजारच्या रेषा बघून त्या भरतं. त्यातून ही डिस्क सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांची. एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. त्यांची जोडी चुकली की हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात उगवतात. हे जोडण्याचं आणि वाढवण्याचं काम प्लेअरने करावं किंवा प्रोजेक्टरने, पण दोघांनी करू नये. मी दोन्ही प्रकारे लावून पाहतो आणि टाळ वाजवणाऱ्या हातांकडे बघून ठरवतो. माझ्याकडे प्लेअर सरस ठरला.

'नॉइज रिडक्शन' मात्र मी सरळ बंद करतो. फिल्मवरचे बारीक कण त्याला कचरा वाटतात. ते पुसताना तो कपाळावरच्या सुरकुत्या आणि घोंगडीची वीणही पुसतो. छायाचित्रकार व्ही. अवधूत यांनी जे चांदीच्या कणांत पकडलं, ते आपण मेण लावून गुळगुळीत का करायचं? हालचाल 'स्मूथ' करणारी सोयही बंद. सेकंदाला २४ चित्रांवर तोललेल्या चालीत यंत्राने स्वतःची चित्रं घुसवली, की वारकऱ्यांचं चालणं घसरगुंडीवरचं वाटू लागतं.

ही सगळी मांडणी 'यूजर २' मध्ये साठवली आहे, फक्त कृष्णधवलसाठी. आता शेजारच्या काकांच्या तेलुगू सिनेमांसाठी वेगळी करायची आहे. त्यातली हिरवी शेतं पाहुण्यांना आवडतील अशी भडक नकोत, जुलैत नदीकाठी भाताची रोपं दिसतात तशी हवीत. शार्पनेसचा वाद अजून मिटलेला नाही. अक्षरांभोवती पांढरी कड उमटते, म्हणून मला तो आणखी एक घर खाली हवा आहे. आत्याला तो आहे तिथेच हवा, कारण तिला चष्म्याशिवाय नावं वाचायची असतात.