नाच कवा सुरू होते?

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. खरी रंगत तिथून पुढे चढते. हलके धान कापून बांध्यांत पसरलेले असते, तलावातले शिंगाडे उकडून बाजारात आलेले असतात, आणि गावोगावच्या मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. दुपारी दंडार, रात्री नाटक, आणि लेकी-जावयांनी भरलेली घरे. झाडीपट्टी पाहायची असेल, तर पाहुण्याने याच दिवसांत यावे. एरवी आमची गावे लवकर झोपतात.

अशाच एका मंडईसाठी २०२२ साली मी साकोलीकडच्या एका खेड्यात मामांकडे गेलो होतो. दंडारीत बायकांची कामे पुरुषच करीत. मामांनी ती तीस वर्षे केली, आणि लुगडे नेसून ते उभे राहिले की म्हाताऱ्यासुद्धा फसत, असे लोक सांगतात. परंतु त्यांच्याच घरात या नाचाचा उल्लेख होई तो खाली मान घालून. शाळेत पोरे ‘नाच्याचा पोरगा’ म्हणून चिडवीत, म्हणून थोरल्या मुलाने बापाची दंडार कधी पाहिली नाही. घुंगरू माळ्यावर गेले ते गेले.

मंडईच्या आदल्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, नागपुरास शिकणाऱ्या नातीने आपला मोबाईल टीव्हीला जोडला. त्या दिवशी ‘वर्ल्ड बॅले डे’ होता. २०१४ साली सुरू झालेला हा उपक्रम मोठा मौजेचा आहे. जगातल्या नामवंत नृत्यसंस्था त्या दिवशी आपल्या तालमीच्या खोल्यांची दारे उघडतात, आणि आत जे चालले असेल ते घरबसल्या कुणालाही फुकट पाहता येते. मेलबर्नपासून आरंभ होतो आणि मग सूर्याच्या मागोमाग खेळ पश्चिमेकडे सरकतो. आमच्याकडे उन्हे कलली तेव्हा लंडनला सकाळ होती, आणि पडद्यावर रॉयल बॅलेचे नर्तक दिसू लागले.

मामांनी चष्मा पुसला. मुली-मुलगे भिंतीलगतचा लाकडी दांडा एका हाताने धरून उभे होते. कोपऱ्यात पियानो वाजत होता. शिक्षक काहीतरी फ्रेंच बोलत, की सारे गुडघे सावकाश वाकत आणि सावकाश सरळ होत. पुन्हा तेच. मग नुसता पाऊल पुढे सरकवायचा आणि मागे घ्यायचा. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली.

“बाबू, नाच कवा सुरू होते?” मामांनी विचारले.

मी म्हटले, “मामा, हीच त्यांची रोजची सकाळ. नावाजलेली नर्तकी झाली तरी दांडा सुटत नाही.”

मामा पुढे सरकून बसले. त्यानंतर ते पायांखेरीज काही पाहीनात. एकीची टाच किंचित उशिरा उचलली, तर यांचा हात आपोआप मांडीवर पडे. त्या गुलाबी जोड्यांविषयी नातीने सांगितले की, टोक कापडाचे थर खळीने घट्ट करून बनवतात, फिती ज्याच्या त्याने शिवायच्या, आणि एखादा जोडा एका रात्रीच्या खेळात निकामी होतो. “माह्या बापाचे घुंगरू मी बांधले,” मामा एवढेच बोलले.

मला आपले ज्ञान पाजळायची खोड आहे. मी सांगितले की, आपल्या देवळातल्या नर्तकीवर पेतिपा नावाच्या नृत्यकाराने १८७७ साली रशियात ‘ला बायादेर’ नावाचा बॅले बसवला, तो अजून होतो. पुढे आन्ना पावलोव्हा ही रशियन नर्तकी हिंदुस्थानात येऊन गेली, १९२३ साली तिने उदय शंकरांना बरोबर घेऊन राधाकृष्णाचा नाच बसवला, आणि तिच्याच उत्तेजनाने ते आपल्या देशातल्या नृत्याकडे वळले. आपल्या घरचे धन पाहुण्याने दाखवावे लागते, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. मामांना ती वाटली नसावी. त्यांनी विचारले,

“ह्यायले पैसे कसे भेटतात? रातीवर?”

“नाही, महिन्याचा पगार असतो.”

“खेल नसला तरी?”

“खेळ नसला तरी.”

“म्हणजे हे दांडा धरून वाकतात, त्याचाबी पगार?”

मी हो म्हटले. मामा बराच वेळ गप्प होते. दारात थोरला मुलगा कधी येऊन उभा राहिला होता, कुणाला कळले नव्हते. तोही पडद्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, “बाबूजी, तुमची तालीम कुठं होत होती?”

“मारुतीच्या देवळामागं,” मामा म्हणाले. “कंदील लावून. तू झोपला असशील.”

दुसऱ्या दिवशी मंडईत दंडारीची पोरे मामांच्या पाया पडायला आली. मामांनी आशीर्वादाआधी विचारले, “पाय मोकळे केले का?” पोरे हसली. मग त्या थोर गृहस्थाने सहाही जणांना मांडवाचा बांबू धरायला लावला आणि गुडघे वाकवून घेतले. लोक जमले, हसले, शिट्ट्या झाल्या. थोरल्याने बापासाठी खुर्ची आणली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तो मागे उभा राहिला. दंडार त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झाली.