भवानी पेठेचं पाणी: सरकारचं किती, आपलं किती?

सोलापूरला कोणी निघालं की बरोबरीच्या बायका हमखास सांगतात, "येताना दोन चादरी आण हं, आणि शेंगाची चटणी विसरू नकोस!" चादरी जरूर आणा, चटणीही आणा. पण हाताशी तासभर असेल तर तुळजापूर वेशीकडून थोडं पुढं, भवानी पेठेत एक चक्कर मारा. तिथं पाहण्यासारखं काय आहे, असं विचाराल, तर सांगते. तिथलं पाणी पाहा.

हा शहराचा जुना, कष्टकऱ्यांचा भाग. जवळच रूपाभवानीचं देऊळ, पुढं तुळजापूरचा रस्ता. कोजागिरीच्या सुमाराला पायी तुळजापूरला निघालेल्या माणसांनी हा रस्ता रात्रभर जागा असतो. एरवी इथं जाग असते ती मागांच्या खटखटीची. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती अशी वस्त्यांची नावंच सांगतात की इथं बंगल्यांची मिजास नाही. उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. कुणी मराठी बोलते, कुणी तेलुगू, कुणी कानडी. आणि भांडण पाण्यावरून असलं, तर तिन्ही भाषा सगळ्याजणींना चांगल्याच येतात!

पाणी हा इथला मोठा विषय. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात पाच दिवसांआड. त्यामुळे इथं वार विचारण्याआधी "आज नळ आहे का?" हे विचारलं जातं. पाहुणे बोलावायचे, गोधड्या धुवायच्या, पापड-कुरडया करायच्या, सगळं नळाच्या दिवसावर ठरतं. एका घरी मी चहाला बसले होते. घरच्या आजींनी पहिला प्रश्न हाच केला, "तुमच्याकडं रोज येतंय काय ओ पाणी?" मी हो म्हटलं. आजी सुनेकडं वळून म्हणाल्या, "ऐकलीस? रोज येतंय म्हणं!" जणू मी रोज श्रीखंड खाते असंच सांगितलं होतं.

आता या घरात पाण्यासाठी काय काय केलेलं होतं, ते मोजून सांगते. दारात जमिनीखाली हौद. हौदावर लोखंडी झाकण. नळाला जोडलेली छोटी मोटर. गच्चीवर काळी टाकी. टाकीपर्यंत पाइप, पाइपाला कॉक. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचं यंत्र, आणि ते बिघडलं तर दुकानातून येणारा वीस लिटरचा जार. शिवाय जुन्या सवयीचे दोन पिंप आणि तांब्याची घागर आहेच. म्हणजे धरण, पंपघर, जलकुंभ आणि शुद्धीकरण केंद्र, असं एक अख्खं पाणीपुरवठा खातं या दोन खोल्यांच्या संसारात बसवलेलं!

हौस म्हणून नव्हे हं. हिशेब करून पाहा. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असं आपल्या देशातलं सरकारी मानक आहे. घरात पाच माणसं आणि पाणी चार दिवसांनी, म्हणजे एका खेपेला २,७०० लिटर भरून ठेवायला हवं. पिंप-घागरींत एवढं कुठून मावणार? म्हणून हौद, म्हणून टाकी. गंमत म्हणजे गच्च्यांवर दिसणाऱ्या या प्लॅस्टिकच्या टाक्या आपल्याकडे आणल्या त्या गुजरातेत कलोलच्या भारत विजय मिल्स या कापडगिरणीने, १९७५ साली. 'सिंटेक्स' या नावात टेक्सटाइलचा तुकडा आहे तो त्यामुळेच. गिरणगाव सोलापूरच्या डोक्यावर एका गिरणीनेच टाकी ठेवावी, हा योगायोग मजेदार आहे.

तेव्हा खाजगी धंद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या घराला टाकी हवी त्याला ती दुपारपर्यंत मिळाली, मोटर बिघडली तर मेस्त्री संध्याकाळी आला. अर्ज नाही, हेलपाटा नाही. सरकारी खात्याला हे जमलं नसतं. पण याच घरात एक गोष्ट अशी होती, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. ती म्हणजे नळात येणारं पाणी. ते कुठून येतं?

त्यासाठी भवानी पेठेतच राहायचं आणि पेठेतून बाहेरही पडायचं. या पेठेत महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं. उजनी धरणाचं पाणी पाकणीला शुद्ध होतं, भीमेवरच्या टाकळीचं सोरेगावला, आणि हिप्परग्याच्या तलावाचं भवानी पेठेत. हिप्परग्याचा म्हणजेच एकरुखचा तलाव तुळजापूरच्या रस्त्याला काही किलोमीटरवर आहे. एस.टी.च्या खिडकीतून दिसतो. अदिला नदीवर बांधलेलं हे मातीचं धरण सव्वादोन किलोमीटरहून लांब आहे, उंची साधारण एकवीस मीटर. १८६६ साली काम सुरू झालं, १८७१ साली पुरं झालं. बांधलं सरकारने, म्हणजे अर्थात तेव्हाच्या इंग्रज सरकारने, आणि मुख्यतः शेतीसाठी. पुढे दहाएक वर्षांत नगरपालिकेने त्याचं पाणी शहरात आणलं. दीडशे वर्षं उलटून गेली, तो तलाव अजून भवानी पेठेला पाणी देतो आहे. कोणत्या वस्तूची एवढी गॅरंटी कोणता दुकानदार देईल?

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच काळात, १८६० साली, सोलापुरात रेल्वे आली. ती सरकारने नव्हे, जी. आय. पी. नावाच्या खाजगी कंपनीने आणली. तुम्ही म्हणाल, पाहा, खाजगी माणसांनी केवढं धाडस केलं! पण त्या धाडसाच्या पोटात एक गोम होती. कंपनीला नफा होवो न होवो, भागधारकांना शेकडा पाच टक्के व्याज मिळेल अशी हमी सरकारने दिली होती. नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर रयतेच्या करातून. शेवटी १९०० साली सरकारने ती रेल्वे विकत घेतली आणि १९२५ पासून स्वतः चालवायला घेतली.

मग तलाव आणि कालवे का नाही कंपन्यांनी बांधले? बांधून पाहिले होते. मद्रास इलाख्यात एका कंपनीने अशीच पाच टक्क्यांची हमी घेऊन कर्नूल-कडप्पा कालवा खणला. रेल्वेत बसणारा आधी तिकीट काढतो, पण पाऊस बरा झाला की कालव्याचं पाणी विकत कोण घेणार? कालवा तोट्यात गेला आणि १८८२ साली सरकारलाच तो विकत घ्यावा लागला. ज्याचं तिकीट फाडता येतं, ते उभारायला खाजगी माणूस पुढं येतो. ज्याचा उपयोग सगळ्यांना होतो पण तिकीट कोणाच्याच हातात देता येत नाही, ते सरकारच्या गळ्यात पडतं.

पण म्हणून सरकारची आरती ओवाळायचं कारण नाही. भीमेवरच्या उजनी धरणाची पायाभरणी १९६६ साली झाली, १९८० साली धरण पुरं झालं. ११७ टी.एम.सी.चं हे धरण महाराष्ट्रातल्या फार मोठ्या धरणांपैकी एक, आणि तेही याच जिल्ह्यात. तरी सोलापूरच्या सुनेचा हौद चार दिवसांनी भरतो! धरण भरलेलं आणि पिंप रिकामं, हे कोडं आहे खरं. शंभराहून अधिक किलोमीटर पाइप, वाटेतले पंप, वीज गेली की थांबणारं पाणी, शहरातल्या जुन्या गळक्या वाहिन्या, पुरेसे जलकुंभ नाहीत, असं सगळं मध्ये आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या देशातल्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकायचं ठरलं आणि तिच्यासाठीही लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. धरणाला कोनशिला असते, फीत कापायला मंत्री असतात. गल्लीतला गळका पाइप बदलल्याचा समारंभ कोण करतो? सरकारचं घोडं अडतं ते इथं.

आणि सोलापूरला दुसऱ्या बाजूचाही अनुभव आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे इथल्या लोकांची 'जुनी गिरणी', मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात उभी राहिली. हजारो घरांची चूल तिच्यावर पेटत होती. ऑगस्ट १९४९ मध्ये ती एकाएकी बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला, पाठोपाठ कायदाही केला. एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालय गाठलं, तो हरला. दुसऱ्याने नेट धरला, आणि मोबदला दिल्यावाचून मालमत्ता अशी घेता येत नाही, असं न्यायालयाने डिसेंबर १९५३ मध्ये ठरवलं. राज्यघटनेच्या अभ्यासात हे खटले आजही शिकवतात. गिरणी मात्र पुढे बंदच पडली. मालकाने सोडली आणि सरकारलाही कायमची सांभाळता आली नाही. वकील जिंकले-हरले, ज्यांची चूल विझली त्यांनी घरात माग टाकले, विड्या वळल्या.

या विड्यांमुळेच पाण्याचा हिशेब वेगळा मांडावासा वाटतो. विडीची मजुरी हजारावर मिळते, तासावर नाही. नळाचा दिवस आला की सूप बाजूला सारायचं, मोटर लावायची, हौद भरायचा, शेजारणीला नळी द्यायची. भाड्याच्या खोलीत हौद नसला तर पंधरा लिटरची घागर, म्हणजे पंधरा किलो ओझं, जिन्याने वीस-पंचवीस वेळा चढवायचं. तेवढ्या वेळात वळायच्या विड्या राहून जातात. ही मजुरी महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, टाकीच्या दुकानाच्या पावतीवरही दिसत नाही. सरकारी योजना स्वस्त की खाजगी, यावर मोठमोठी माणसं वाद घालतात, पण बाईचा वेळ फुकट धरूनच दोन्हीकडचे आकडे मांडलेले असतात. गल्लीतल्या प्रत्येक घराने स्वतंत्र हौद, स्वतंत्र मोटर, स्वतंत्र यंत्र घ्यायचं, त्याचं वीजबिल भरायचं आणि पाणीपट्टीही भरायची. एकाच पाण्याचे पैसे दोनदा, आणि ज्याला हौद परवडत नाही त्याने ते पाठीच्या कण्याने फेडायचे.

यातून वाट निघत नाही असं नाही. सोलापूरजवळ कुंभारीला एकदा जाऊन या. विडी कामगार बायकांनी संघटना केली, सहकारी संस्था काढली, स्वतःचा वाटा भरला, केंद्राकडून आणि राज्याकडून त्यांचे वाटे घेतले आणि गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी तिथंच रे नगर ही तीस हजार घरांची योजना झाली. तिच्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. पैसा सरकारचा होता, पण ज्यांना त्या घरात राहायचं होतं त्या पहिल्यापासून हिशेबाला बसलेल्या होत्या. सोलापूरला हे नवं नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तलाव खणला, असंच इथं परंपरेनं सांगतात.

म्हणून मला वाटतं, सरकारी की खाजगी हा प्रश्नच अर्धा आहे. समांतर जलवाहिनीचे पाइपसुद्धा शेवटी कंत्राटदारच टाकतो. बांधणारा कोणीही असो. बांधून झाल्यावर ते राखणार कोण, आणि बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा, हे बायकांना माहीत हवं. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. आपल्या गल्लीचा पाइप कोणत्या सालचा आहे? पाणी ठरलेल्या वेळी येत नसेल तर कळवणार कोण? आणि पाणीपट्टीतले किती पैसे दुरुस्तीवर जातात? मत मागायला येतील तेव्हा तर नक्की विचारा. चारजणी मिळून गेलात तर उत्तर लवकर मिळतं.

तोवर घरचा हौद नीट ठेवणं आपल्या हाती आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि सुकली तरी बरेच महिने मरत नाहीत. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. नळ येण्याच्या आदल्या दिवशी हौद तळाला गेलेला असतो, तेव्हाच आतल्या भिंती काथ्याने खसाखसा घासून घ्याव्या, म्हणजे पाणीही वाया जात नाही. पिंपही तसेच घासावे. झाकणाला फट असली तर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधावं. पावसाळ्यात पिण्याचं पाणी खळखळून उकळावं. आणि हो, मोटर लावताना पायात चप्पल असू द्या, ओल्या हाताने बटण दाबू नका. एक दिवस पाणी उशिरा भरलं तरी चालेल.