ताईच्या शेळ्या

आमच्या गोठ्यात आज अकरा शेळ्या आहेत. आई मोजताना कधी अकरा म्हणत नाही. आठ आपल्या, तीन ताईच्या, असंच मोजते. बांधायला वेगळी दावण नाही, चाराही एकच. नव्या माणसाला हा हिशोब कळत नाही. तो सांगायचा तर मला २००७ सालापर्यंत मागं जावं लागतं.

आमचं गाव सोनारी, परंडा तालुक्यातलं. बाहेरच्यांना ते माहीत असतं भैरवनाथामुळे, चैत्रातल्या यात्रेमुळे आणि माकडांमुळे. देवळापासून आमच्या पत्र्यापर्यंत माकडांचा वावर. लहानपणी आम्हाला यात्रेची ओढ असायची ती मात्र रथासाठी किंवा रेवड्यांसाठी नव्हे. दसरा उरकून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या पाडव्याच्या सुमाराला परत यायच्या. यात्रेला आई आणि अण्णा घरात असायचे, ही आमची यात्रा. बाकीचे सहा महिने मी आणि अक्का आजीपाशी. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं की दोन्ही वेळचं जेवण तिथं, निजायला घरी.

२००७ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. उसानं भरलेली ट्रॉली उलटली आणि ते खाली सापडले. मी दहा वर्षांची होते, अक्का तेरा पूर्ण. तेराव्यानंतर मुकादम घरी आला. आई-अण्णांनी मिळून ३० हजार उचल घेतली होती आणि हंगाम अर्धाच झाला होता. तो काही वाईट बोलला नाही, ओसरीवर बसून चहा प्याला, आणि वही उघडून म्हणाला, बाप्याचा हिशोब राहिलाय.

ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडपं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. एकटं माणूस अर्धा कोयता. आई त्या दिवसापासून अर्धा कोयता झाली. अर्ध्या कोयत्याला पुरी उचल मिळत नाही आणि मागची उचल अर्ध्यानं फिटत नाही. मग सगळ्यांनी मिळून आमच्या घराचं गणित मांडलं. अक्काचं लग्न करायचं. टोळीतलंच १९ वर्षांचं एक पोरगं होतं, म्हणजे त्यांचा नवा कोयता तयार. आई मामाच्या जोडीनं फडावर जाणार. आजी थकलेली, तेव्हा धाकटीला, म्हणजे मला, कुठल्यातरी आश्रमात घालायचं. यातलं कुणीच आमचं वैरी नव्हतं. सगळे आमच्या काळजीनंच बोलत होते. आईनं परंड्याच्या बाजारातून पत्र्याची एक पेटी आणली. हिरवी, कडीला पिवळा रंग. त्यात माझे दोन फ्रॉक, अण्णांचा एक टॉवेल आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवून ती कोनाड्याखाली सरकवली. मी रोज शाळेतून आले की आधी ती पेटी जागेवर आहे का बघायची. जागेवर असली म्हणजे आज मला कुणी न्यायला आलं नाही.

मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला आणि गुरुजींच्या मागून एक बाई घरात आल्या. वय फार तर २३. रेक्झिनची पिशवी, चिखलानं भरलेल्या चपला बाहेर काढून ठेवलेल्या. एका संस्थेत काम करतात, एवढंच गुरुजींनी सांगितलं. त्यांनी आजीकडून पाणी मागून घेतलं, जमिनीवर बसल्या आणि आईला विचारलं, ‘मावशी, तुमच्या मनात काय आहे?’

चार महिने आमच्याबद्दल सगळं गाव बोलत होतं, पण हे आईला कुणी विचारलं नव्हतं. आई बराच वेळ पदर दातात धरून बसली. मग म्हणाली, ‘पोरी माझ्यापाशी राहाव्यात.’

पुढची दोन वर्षं या बाईंनी, म्हणजे आमच्या ताईनं, या एका वाक्यासाठी काम केलं.

आधी बालसंगोपन योजनेचा अर्ज. अण्णांचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आमचे शाळेचे बोनाफाईड, आणि एक फोटो. मुलांनी पालकासोबत आपल्या घरासमोर उभं राहून काढलेला. फोटोसाठी आईनं अंगण सारवलं. मी आणि अक्का तेल लावून, घट्ट वेण्या घालून उंबऱ्यापुढं उभ्या. ताईनं कॅमेरा धरला आणि पत्र्यावरून एक माकडीण पिलाला पोटाशी धरून नेमकी आमच्या डोक्यावर येऊन बसली. आजी काठी घेऊन उठली, तर ताई म्हणाली, ‘असू दे आजी, तीपण आईच हाय की.’ तो फोटो अर्जाला लागला. माकडिणीची शेपूट त्यात आईच्या खांद्यापर्यंत आलेली दिसते.

मग तेव्हाच्या उस्मानाबादला बालकल्याण समितीपुढं. आई जन्मात पहिल्यांदा जिल्ह्याच्या गावी गेली ती आमच्यासाठी. आदेश झाला तेव्हा महिन्याला एका मुलामागं ४२५ रुपये मिळत. ही रक्कम पुढं ११०० झाली, २०२३ पासून २२५० आहे. योजनेविषयी बोलताना लोक रकमेविषयीच बोलतात. मला मात्र वाटतं, आम्हाला सावरलं ते दर महिन्याला घरी येणाऱ्या माणसानं. पैसे साठून एकदम यायचे, ताई मात्र महिन्याच्या महिन्याला यायची. वह्या बघायची, आमची नखं बघायची, चुलीजवळचा पिठाचा डबा उघडून बघायची, आणि काही न बोलता पुढच्या खेपेला संजय गांधी निराधारचा फॉर्म घेऊन यायची. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव लागलं ते तिच्यामुळे. त्या दिवशी आईनं ते कार्ड भैरवनाथापुढं नेऊन ठेवलं होतं.

मुकादमाच्या वहीचंही तिनं टाळलं नाही. गुरुजी, गावातली दोन जुनी माणसं आणि मुकादम यांना देवळाच्या पारावर एकत्र बसवलं. किती टन तोड झाली, किती पैसे कापले, सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. हिशोब अकरा हजारांवर आला. आईनं तो शेतमजुरी करून, दोन वर्षांत, हप्त्यानं फेडला. फडावर ती पुन्हा गेली नाही.

अक्काच्या लग्नाचं सगळ्यांत अवघड होतं, कारण ते आजीच्या मनानं घेतलं होतं. ताईनं कायदा सांगितला. १८ च्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे. आजीनं ऐकून घेतलं आणि लसूण सोलायला बसली. ताईही शेजारी बसून लसूण सोलू लागली. मी दाराआड होते. ताईनं विचारलं, ‘आजी, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?’ आजी म्हणाली, बारा असतील नाहीतर तेरा. ‘पहिलं लेकरू?’ आजीचा हात थांबला. मग ती सांगू लागली. चौदाव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, तीन दिवस अडलेली, आणि निळं पडलेलं पोरगं. त्याला गाडग्यात घालून ओढ्याकाठी पुरलं. त्याच्याविषयी आजवर कधी कुणाशी बोलली नव्हती. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. ताईनं उत्तरादाखल काही सांगितलं नाही. सुपात लसणाच्या टरफलांचा ढीग झाला, तो ती उचलून उकिरड्यावर टाकून आली. आठवड्यानं मुलाकडची माणसं आली, तेव्हा आजीनंच उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, ‘पोरगी शाळंत जाती. एवढ्यात काय इचारू नका.’

एका रात्री ताईची शेवटची एसटी चुकली आणि ती आमच्याकडं राहिली. आईनं पिठलं-भाकरी केली. जेवणं झाल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या आईनं विचारलं, तुझं माहेर कुठलं गं?

ती लोहारा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३. गावात गणपती विसर्जन झालं होतं, लोक उशिरा निजले होते. पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला. तिकडं घरं दगडामातीची, वर मातीचं जड धाबं. माणसं मेली ती त्या मातीखाली. नऊ वर्षांची ही पोर दोन कणग्यांच्या मध्ये सापडली, जिवंत. आई, वडील आणि धाकटा भाऊ राहिले नाहीत.

त्या वेळी कितीतरी माणसं धावून आली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं, त्यात पन्नालाल सुराणा पुढं होते. ताई तिथं वाढली. सुराणांचं नाव ऐकून आई अंथरुणात उठून बसली. ‘आसूचे सुराणा? आपल्या तालुक्यातले?’ डॉ. वीणाताई आणि ते आसूला राहत, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. ‘तेच,’ ताई म्हणाली. ‘मग तू आमचीच झालीस की,’ असं म्हणून आई पुन्हा आडवी झाली.

मग अंधारात ताई जे बोलली ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. ‘मला तिथं सगळं मिळालं मावशी. माया मिळाली, शाळा मिळाली. पण मी तिथं गेले कारण माझं घर मातीखाली गेलं होतं. तुमचं तर उभं आहे.’

२०१५ च्या बालन्याय कायद्यात लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. ते मी पुढं नर्सिंगला असताना वाचलं. ज्यांना घरच उरलं नाही त्यांच्यासाठी ‘आपलं घर’ हवंच. बीड जिल्ह्यात आर्वीला नागरगोजे पती-पत्नींनी ऊसतोड्यांच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ‘शांतिवन’ उभं केलं, तेही हवं. तिथं राहून शिकलेली माणसं मला कामाच्या जागी भेटतात, त्यांच्या तोंडून त्या जागेचं नाव आपण माहेराचं घेतो तसं निघतं. पण त्या रात्री दहा वर्षांच्या मला एवढंच कळलं की कोनाड्याखालची पेटी आता रोज बघायला नको. सकाळी आईनं ती रिकामी केली. पुढं त्यात रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि बचत गटाची वही राहू लागली.

त्या गटाच्या कर्जातून पहिल्या दोन शेळ्या आल्या. आमच्याकडची उस्मानाबादी, काळीभोर, लोंबत्या कानांची. ही जात दुष्काळात तग धरते आणि जुळी द्यायला प्रसिद्ध. आईच्या शेळीला पहिल्याच वेताला दोन पाठी, म्हणजे मादी पिल्लं, झाल्या. आईनं त्यातली एक उचलून ताईच्या मांडीवर ठेवली. ताई घाबरलीच. संस्थेच्या माणसानं लाभार्थ्याकडून काही घ्यायचं नसतं, असं सांगू लागली. शिवाय ती राहते भाड्याच्या खोलीत. आईनं पाठ परत घेतली. ‘राहू दे माझ्यापाशी. पण ही तुझी.’

त्या पाठीपासूनची सगळी वेतं ताईची. बोकड विकला की त्याचे पैसे आई वेगळ्या पुरचुंडीत ठेवायची. ताईच्या लग्नात रुखवताची भांडी त्या पुरचुंडीतून गेली; तेव्हा तिनं घेतली, कारण तोवर तिनं ती संस्था सोडली होती आणि आई तिच्या मांडवात वधूच्या बाजूला बसली होती. पहिल्या बाळंतपणाला ती सोनारीला आली. आजीनं, तेव्हा ऐंशीच्या घरात, तिला शेक-शेगडी केली. माझ्या भाचीला ताई आजही मोठी मावशी.

नंतर ताईनं पैशाला नकार दिला तेव्हा आईनं दुसरी रीत काढली. गावात कुणाचा नवरा गेला, लेकरं लहान असली, की ताईच्या शेळीची एक पाठ त्या घरी पोचती होते. बदल्यात काही नाही. फक्त तिला पहिल्या वेताला जुळी झाली तर एक पाठ पुढच्या घराला द्यायची. अशी पाच घरं झाली. अक्का अंगणवाडीत सेविका आहे, त्यामुळे कुठल्या घरात काय झालं ते आईला तिच्याकडून कळतं. पाठीच्या पाठोपाठ बालसंगोपनाचा फॉर्म घेऊन अक्का जाते, आणि फोटोला अंगण सारवायला सांगते.

यंदा यात्रेच्या आधी चार दिवस ताईची थोरली शेळी व्याली. मी सोलापूरला रात्रपाळीवर होते. सकाळी आईला फोन लावला तर लागेना, अर्धा तास नुसता बिझी. शेवटी लागला तेव्हा आई धापा टाकत म्हणाली, ‘थांब गं जरा, आधी तिला सांगत हुते. दोन झाल्यात. दोन्ही पाठी.’