शाकारता येईल असं काही

दुर्गाडीच्या पुलावरून भिवंडीकडे जाताना रिक्षातलं कुणी मान वळवून खाली बघत नाही. खाली उल्हासची खाडी असते. ओहोटीला तिचा काठ उघडा पडतो: काळपट चिखल, त्यात रुतलेल्या पिशव्या, निर्माल्य, एखादी कललेली होडी. भरतीला पाणी चढतं आणि सगळं झाकून टाकतं. कल्याणकराला इकडे फिरकायला विसर्जनाचं निमित्त लागतं. एरवी गाव स्टेशनकडे तोंड करून उभं.

गाडी इथे आली १८५४ साली. त्याआधी कित्येक शतकं या गावाचं तोंड पाण्याकडे होतं. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा कॉस्मस इथून बाहेर जाणाऱ्या मालात लाकूड नोंदवतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत गलबतं बांधायला काढली. पोर्तुगीज कारागीरही कामाला होते. मागे सागाचं रान, पुढे भरतीचं पाणी, जहाज बांधायला आणखी काय हवं! पुढे माल रुळांवर चढला, खाडीत गाळ साचला आणि नावात तेवढं बंदर उरलं: रेतीबंदर. मग रेती उपसायला सक्शन पंप आले आणि काठही पोखरला गेला.

आता काठ सुशोभित करायचे दिवस आहेत. ठाण्याला गायमुखला चौपाटी झाली. दुर्गाडीपाशी आरमाराच्या स्मारकासाठी नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका आणली. ते व्हायलाच हवं होतं. पण स्मारक माणूस एकदा बघून येतो. रोज जाऊन बसायला लहान जागा लागते, आणि ती मला लाकडाची दिसते.

फार मोठी नको. पडवीएवढी, दहा-बारा माणसं मावतील अशी. आणि एकच नको, काठाने अशा बऱ्याच. एकीत कोळणीची पाटी, दुसरीत जाळं विणणारा, तिसरीत अभ्यासाला आलेली पोरं, चौथीत नुसतीच वाऱ्याला बसलेली माणसं. डोंबिवलीत मोठागावच्या काठावर संध्याकाळी माणसं येतातच. त्यांना टेकायला जागा नसते, इतकंच.

अशी जागा बांधायची अक्कल आपल्याकडे आहे. जुन्या वाड्यात शिरलात तर खांबाच्या पायाशी बघा. लाकूड जमिनीत पुरलेलं नसतं, दगडी तळखड्यावर उभं असतं. ओल दगडापाशी थांबते, म्हणून खांब पिढ्यान्पिढ्या टिकतो. वर तुळईचं कुसू खांबाच्या खाचेत बसवलेलं. जे ठोकून बसवलं, ते ठोकून सोडवताही येतं. खाडीच्या काठाला नेमकं हेच हवं, कारण हे पाणी दरवर्षी हद्द ठरवून येत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हासने ती किती ओलांडली, हे कल्याणात अजून भिंतींवर बोट ठेवून सांगतात.

अशा पाण्याशेजारी लाकूड टिकवायचं कसं, याचं उत्तर कोळ्यांनी कधीच शोधून ठेवलं आहे. पावसाळा आला की ते होडी वर ओढून शाकारतात; नारळी पौर्णिमेला नारळ दिला की पुन्हा पाण्यात लोटतात. काठावरच्या या पडव्याही तशाच असाव्यात. ज्येष्ठात फळ्या उतरवून ठेवायच्या, दगडावरचे खांब तेवढे उभे. पूर आला तर त्यांच्यामधून निघून जाईल. श्रावणात फळ्यांना तेल पाजायचं, कुजलेली बदलायची, पुन्हा चढवायच्या.

यात खरी अडचण लाकडाची नाही, आपल्या हिशेबाची आहे. नवं बांधायला पैसा निघतो, फीत कापायला माणसं येतात. जुनं निगुतीनं राखायला कुणी उभं राहत नाही. सिमेंटचा कट्टा आपण पसंत करतो तो मजबूत म्हणून नव्हे, बांधून विसरता येतो म्हणून. लाकूड विसरू देत नाही. ते दरवर्षी सुतार मागतं, त्याच्या हाताखाली दोन पोरं मागतं. शतकभर पाठ फिरवलेल्या गावाला वर्षातून दोनदा तरी खाडीवर यावंच लागेल, असं काम हवं आहे. म्हणून या काठाच्या आराखड्यात पहिली तरतूद बांधकामाची नसावी, सुताराच्या वर्षासनाची असावी.