थेंबांचा तास

पुण्याच्या बिबवेवाडीतल्या एका छोट्या नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या पेशंटना ऑपरेशनसाठी तयार करणाऱ्या सिस्टरांचं हल्ली एका वाक्यावरून बिनसलं आहे. हाताखाली आलेली नवी मुलगी दिसेल त्याला सांगते, "आजी, काही होत नाही, दहा मिनिटांचं काम." पूर्वी सिस्टर स्वतःही तेच सांगत, आणि तेव्हा ते खपूनही जायचं. डोळ्याच्या कडेला इंजेक्शन दिलं, की डोळा हलत नसे आणि त्याला फारसं दिसतही नसे. पेशंटने नुसतं पडून राहायचं. आता मोतीबिंदूच्या बऱ्याच शस्त्रक्रिया नुसत्या थेंबांच्या भुलीवर होतात. दुखत नाही, पण डोळा हलतो आणि त्याला दिसतं. समोर झगझगीत उजेड येतो, रंग पसरतात, सावल्या सरकतात. 'काही होत नाही' ऐकून आत गेलेला माणूस हे सगळं पाहून दचकतो, आणि नेमकं तेव्हाच त्याने स्थिर राहायला हवं असतं.

सिंगापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. काय दिसेल हे आधी सांगून ठेवलं तर भीती कमी होते, असं त्यांच्या २००५च्या अभ्यासात आढळलं. पण सांगायचं किती? सिस्टरांचं डोकं रात्रंदिवस याच प्रश्नात अडकलेलं असतं. 'चिरा' म्हटलं की एखाद्या मास्तरांचा रक्तदाब चढतो. मार्केट यार्डातल्या हमालाला चिऱ्याचं काही वाटत नाही. पोतं परत कधी उचलायचं, एवढंच त्याला हवं असतं. आणि 'डोळा बाहेर काढून ठेवतात का?' हा प्रश्न पेशंट कधीच विचारत नाही, सून दाराशी हळूच विचारते. म्हणून सिस्टर कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतात, की डोळा जागेवरच राहतो.

बोलण्याची वेळ एकच, बाहुली मोठी करणारे थेंब घालतानाची. दर दहा-पंधरा मिनिटांनी ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचा थेंब. खालची पापणी ओढून खोबणीत एक थेंब सोडायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी उतरतं. मधल्या वेळात सिस्टर पेशंटला सपाट झोपवतात आणि चेहऱ्यावर स्वच्छ कापड टाकतात. "आत असंच असेल काका. गुदमरल्यासारखं वाटतंय? खोकला आला तर आधी माझा हात दाबा, डॉक्टर थांबतील, मग खोका." ज्याचा जीव कापडाखाली घाबरतो, तो इथेच कळतो, टेबलावर नाही.

काही गोष्टी आडवळणानेच विचाराव्या लागतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांचं बुबुळ शस्त्रक्रियेत ढिलं पडतं आणि बाहुली आक्रसते. अमेरिकेतल्या चँग आणि कॅम्पबेल यांनी २००५मध्ये हे मांडलं. गोळी आयत्या वेळी बंद करूनही भागत नाही, म्हणून सर्जनला ते आधीच ठाऊक असावं लागतं. 'कुठल्या गोळ्या चालू आहेत?' विचारलं तर उत्तर 'बीपीची' एवढंच येतं. सिस्टर विचारतात, "रात्री लघवीला किती वेळा उठता? त्याची गोळी आहे का?" मग पिशवीतून पाकीट निघतं.

बड्या रुग्णालयांतल्या 'काउन्सेलिंग'वर त्यांचा राग आहे. तिथे डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाच्या किमतीवर अर्धा तास बोलणं होतं, मोनोफोकल की मल्टिफोकल, कुठलं पॅकेज, आणि कापडाखाली काय वाटेल यावर चकार शब्द नाही. त्यापेक्षा शिबिरातले पेशंट निवांत असतात, असं त्या म्हणतात. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी गावोगावची माणसं सोबतीने येतात. एक डोळा झालेली शेजारीण दुसरीला सगळं रंगवून सांगते. अप्पर इंदिरानगरहून रिक्षाने एकट्या आलेल्या आजींना ती सोय नाही.

शस्त्रक्रिया चालू असताना हात धरून बसलं तर घाबरेपणा कमी होतो, हे कोरियातल्या परिचारिकांच्या २००१च्या अभ्यासात दिसलं होतं. सिस्टरांना हे काम मनापासून आवडतं, आणि त्यामागे थोडा अहंकार आहे, हे त्या लपवत नाहीत. "तुमचा पेशंट हलत नाही," हे सर्जनचं वाक्य त्यांना दिवसभर पुरतं. दुसऱ्या डोळ्यासाठी आलेल्या मावशींनी "त्याच बाई पाहिजेत" म्हटलं, की नव्या मुलीला ते ऐकू गेलं ना, हे त्या बघतात. हात धरायला त्या मुलीला पाठवणं अजून त्यांच्या जिवावर येतं.

अडतं ते ऐकू कमी येणाऱ्यांपाशी. ज्या बाजूचा डोळा, त्या कानातलं यंत्र काढावं लागतं, कारण पाणी वाहतं. दुसरं ठेवू द्या म्हणून त्या डॉक्टरांशी भांडतात. दोन्ही कान गेलेल्यांसाठी नव्या मुलीने हाताच्या खुणा सुचवल्या: एकदा दाबलं की स्थिर राहायचं, दोनदा दाबलं की उजेडाकडे बघायचं. सिस्टरांना ते पटलंय, पण घाबरलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कळेल, याची खात्री वाटत नाही. सोमवारच्या यादीत अशाच एक आजी आहेत. त्यांच्या सुनेला आदल्या दिवशी बोलावून घेतलंय; घरी त्यांच्याशी कोणत्या खुणांनी बोलतात, ते आधी बघायचं ठरलं आहे.